स्वप्नाचा कच्चा माल

फिकट गेरूच्या रंगाने सारवलेला एक फलक. त्याच्या खालच्या तृतीयांशावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोठेही न मोडता गेलेली क्षितिजाची रेषा. त्या रेषेवर, जेथे एखादे झाड असावे अशी आपली अपेक्षा, तेथे जुन्या छापील पुस्तकातून कात्रीने कापून चिकटवलेला मनुष्याचा हात. त्या हाताच्या पायथ्याशी मलमलीचे एक चिरगूट, ज्याच्या चुण्या दुरून पाहिल्या तर नांगरलेल्या रानासारख्या दिसाव्यात. आणि वर आकाशात, चंद्राच्या जागी, काटे काढून घेतलेली घड्याळाची तबकडी. अशा एखाद्या अतिवास्तववादी मिश्रमाध्यम चित्रापुढे, ज्याला चित्रकार मंडळी कोलाज म्हणतात, आपल्याकडचा सुशिक्षित, नाटकाची आवड असलेला, गाण्याच्या बैठकीला आवर्जून जाणारा गृहस्थ उभा राहिला म्हणजे त्याच्या मुद्रेवर प्रथम संकोच आणि मागाहून किंचित रोष उमटतो. ‘यातून सांगायचे आहे तरी काय?’ असा त्याचा प्रश्न असतो. हा रोष प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक रोषाला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे असे मी मानतो.

नेहमी दिले जाणारे उत्तर मला अपुरे वाटते. ते उत्तर असे की, पहिल्या महायुद्धाच्या संहाराने ज्या पिढीचा बुद्धीच्या सार्वभौमत्वावरील विश्वास ढासळला, त्या पिढीतील आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीने १९२४ साली पॅरिस येथे अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला, फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा आधार घेऊन स्वप्नाला जागृतीइतकाच मान दिला, आणि तेव्हापासून विसंगत वस्तूंना एकत्र आणून सुप्त मनाचे दार उघडण्याची ही रीत रूढ झाली. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. परंतु तो वाचून सोलापूरच्या वाचकाची समजूत अशी होते की, हा सगळा मामला परक्या मुलखातला, परक्यांच्या दुःखातून निपजलेला, आणि आपण तो फार तर अदबीने दुरून पाहावा. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. कोलाजची कला कापडाच्या पेठेच्या, छापखान्याच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या सान्निध्यात वाढली. हातांनी हाताळलेल्या, वापरून बाजूला पडलेल्या, कोणाच्या तरी रोजच्या व्यवहारातल्या वस्तूंवर ती पोसली. आणि म्हणून ज्या शहराने पिढ्यानपिढ्या सूत कातले, कापड विणले, त्याच्या घड्या घालून देशोदेशी पाठवले, त्या शहराने तिच्याविषयी परकेपणा बाळगावा असे काहीच कारण नाही. काळजीचे कारण निराळे आहे. त्या कलेला लागणारा जो कच्चा माल या शहरापाशी अमाप होता, तो आपल्या डोळ्यांदेखत किलोच्या भावाने चालला आहे.

प्रथम कापडाचे म्हणणे सिद्ध करतो. १९१२ सालच्या मे महिन्यात पिकासोने एका लंबवर्तुळाकार चित्रात वेताच्या खुर्चीची जाळी रंगवण्याऐवजी, तशी जाळी छापलेला मेणकापडाचा एक तुकडाच चिकटवला आणि चौकटीच्या जागी खरा दोर गुंडाळला. आधुनिक कोलाजचा प्रारंभ म्हणून कलेतिहास ज्या चित्राकडे बोट दाखवतो ते हे चित्र. म्हणजे प्रारंभीच, तैलरंगांच्या शेजारी येऊन बसली ती कारखान्यात छापलेली, टेबलावर पसरण्याची, बाजारात वारावर मिळणारी वस्तू. पुढे १९१९ साली कोलोन शहरात माक्स अर्न्स्ट या तरुण चित्रकाराच्या हाती शालेय साहित्याची एक सचित्र सूची पडली. तीत शरीरशास्त्राच्या, खनिजांच्या, सूक्ष्मदर्शकाखालच्या आकृतींच्या आणि नाना उपकरणांच्या चित्रांची अशी काही शेजारशेजारी गर्दी होती की, ती पाहता पाहता त्या आकृतींमध्ये एक नवाच प्रदेश दिसू लागला. तेव्हा अर्न्स्टने त्या पानांवर एखादी क्षितिजाची रेषा, एखादे आकाश, थोडी वाळू एवढेच स्वतःचे घातले, आणि सूचीचे पान स्वप्नातील भूमी होऊन बसले. पुढे १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रकादंबरीत अशी १८२ कोलाजे आहेत. त्यांचा मूळ ऐवज एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय कादंबऱ्यांतल्या लाकडी ठशांच्या चित्रांचा आहे. ज्या कादंबऱ्या कोणी दुसऱ्यांदा वाचीत नव्हते त्या कोणी फेकूनही दिल्या नव्हत्या, हे आपण नीट ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु सोलापूरच्या वाचकाने ज्याची ओळख अवश्य करून घ्यावी असा मनुष्य तिसरा आहे. जोसेफ कॉर्नेल हा १९०३ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला अमेरिकन गृहस्थ. कोणत्याही कलाविद्यालयात न शिकलेला. आणि १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षे न्यूयॉर्कमधील एका घाऊक कापड कंपनीचा विक्रेता. नमुन्यांची पिशवी घेऊन व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर फिरणे हा त्याचा पोटाचा उद्योग होता. आपल्या चाटी गल्लीत असा मनुष्य कोणालाही अपरिचित वाटला नसता. दोन गिऱ्हाइकांमधल्या रिकाम्या वेळात तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरे आणि जुने नकाशे, पक्ष्यांची चित्रे, नर्तकींची छायाचित्रे, फ्रान्समधील हॉटेलांच्या जाहिराती, ताऱ्यांचे तक्ते असे जे ज्याला नको ते गोळा करी. १९३१ साली एका कलादालनात अर्न्स्टची कोलाजे त्याच्या दृष्टीस पडली आणि इतक्या वर्षांच्या संग्रहाचे प्रयोजन त्याला एकाएकी उमगले. आई आणि आजारी भाऊ यांच्यासह ज्या साध्या घरात तो अखेरपर्यंत राहिला, त्याच्या तळघरात त्याने काचेच्या झाकणाच्या लहान लाकडी पेट्या रचल्या. १९३६ च्या एका पेटीत चंद्राचा नकाशा आहे, मातीची चिलीम आहे, पेल्यात ठेवलेले अंडे आहे, बाहुलीचे मस्तक आहे, आणि एवढ्याशा जागेत एवढे विस्तीर्ण आकाश मावलेले आहे की, पाहणाऱ्याने क्षणभर श्वास रोखावा. हा मनुष्य आयुष्यात कधी युरोपला गेला नाही. युरोपातील हॉटेलांच्या पेट्या त्याने केल्या त्या कागदाच्या कपट्यांच्या बळावर. १९३४ नंतर काही वर्षे त्याने कापडावरील नक्षीकाम करण्याची नोकरीही केली. म्हणजे रंगीत सूत आणि स्वप्न या दोहोंशी त्याचा व्यवहार एकाच वेळी चालू होता.

आता मुद्द्याचे. चित्रकाराला हवे ते रंगवता येत असताना त्याने वस्तू चिकटवायची कशाला? रंगवलेला हात हा चित्रकाराचा असतो. चिकटवलेला हात हा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. त्याच्यामागे एखादा अनोळखी खोदकारागीर असतो, एक छापखाना असतो, ते पुस्तक पहिल्यांदा उघडणारा एखादा विद्यार्थी असतो. कापडाचा तुकडा म्हटला की त्याला पाण्याने विटलेला रंग असतो, सुईची भोके असतात, घडीवरची झीज असते. या वस्तू चित्रात येताना आपापले पूर्वायुष्य बरोबर आणतात, आणि ती निरनिराळी पूर्वायुष्ये एका क्षितिजाखाली आली म्हणजे जो प्रदेश निर्माण होतो तो आपल्याला ओळखीचाही वाटतो आणि अनोळखीही. स्वप्नाची प्रकृती तरी याहून वेगळी कोठे आहे? स्वप्नात आपण एकही नवी वस्तू निर्माण करीत नाही; आजोळचा सोपा, शाळेची घंटा, हयात नसलेल्या आत्याची हाक, काल वाटेत पाहिलेला अपघात, यांचीच तेथे नवी मांडणी होते. पूर्वायुष्य नसलेल्या वस्तूंचे कोलाज करता येत नाही. दुकानातून आणलेल्या कोऱ्या चमकदार कागदांचे जे होते ती सजावट. आपल्या शाळांतून कोलाज या नावाखाली मुलांकडून जे करवून घेतले जाते ते बहुतेक अशाच कोऱ्या कागदांचे असते, म्हणून ते सुबक होते आणि लगेच विसरले जाते.

आपल्या घरांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या रंगीत तसबिरी घरोघरी गेल्या. त्यांतल्या कित्येक तसबिरींवर घरातील स्त्रियांनी आपल्या हातांनी खऱ्या कापडाची साडी नेसवली, जरीचे काठ शिवले, टिकल्या आणि मणी बसवले. छापील चेहरा, छापील हात, आणि त्यांच्या मध्ये खरे वस्त्र. मुद्रण आणि शिवण यांच्या संयोगातून झालेल्या त्या तसबिरी मिश्रमाध्यम कलाकृतीच होत, आणि माझ्या मते त्या त्या काळातील अत्यंत मनोहर अशा कलाकृतींपैकी आहेत. काचेमागे नीट पाहिले तर देवीच्या पदराची सावली तिच्या छापील पावलावर पडलेली दिसते. त्या सजवणाऱ्या कोणत्याही बाईने आपले नाव तसबिरीवर घातले नाही. पुढे १९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात भूपेन खख्खर यांनी बाजारात मिळणाऱ्या देवदेवतांच्या चित्रांची कात्रणे वापरून केलेली कोलाजे मांडली तेव्हा पुष्कळांना तो उपमर्द वाटला. परंतु त्या स्त्रियांच्या टिकल्या-मण्यांकडे ज्याने ममतेने पाहिले असेल त्याला धक्का बसण्याचे कारण नव्हते.

मराठी चित्रकारांत या स्वप्नभूमीचा सर्वांत संयमी रहिवासी म्हणजे प्रभाकर बरवे. १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मलेल्या बरव्यांच्या चित्रांत पान, ढग, पक्षी, घड्याळ या वस्तू एका निर्वात, निःशब्द अवकाशात अशा मांडलेल्या असतात की, त्यांच्यामधील अंतर हेच चित्राचे आशयद्रव्य होते. त्यांच्यावर अतिवास्तववादाचा शिक्का मारावा असे मी म्हणणार नाही. शिक्क्यांनी चित्रकार लहान होतो. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाशी निगडित असलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जे. जे. मधील शिक्षणानंतर बरवे साठीच्या दशकाच्या आरंभी बनारसला गेले ते तेथील विणकर सेवा केंद्रात नोकरीला, आणि पुढे मुंबईतही त्याच संस्थेच्या केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. हातमागाच्या विणकरांसाठी नक्षी करणे, कागदावरची आकृती ताण्याबाण्याच्या चौकटीत कशी उतरेल याचा विचार करणे, हा त्यांचा दिवसाचा व्यवसाय होता. १९९० साली मौजेने प्रसिद्ध केलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. वस्तूकडे, आकाराकडे, आणि दोन आकारांमधल्या रिकाम्या जागेकडे इतक्या निष्ठेने पाहणारा मनुष्य मागाशी संबंधित असावा हा मला योगायोग वाटत नाही.

आणि खुद्द आपल्या जिल्ह्याचे काय? पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन लहानपणीच या मातीतून गेले. पुढे मुंबईत चित्रपटांचे प्रचंड फलक रंगवून त्यांनी उमेदवारी केली. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात एक लघुपट केला, ज्यात कथा नाही, निवेदन नाही. छत्री, कंदील आणि जोडा या वस्तू वाळवंटाच्या आणि किल्ल्यांच्या प्रदेशात पुन्हा पुन्हा भेटत राहतात. त्या वर्षीच्या बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल त्याला मिळाले. कात्री आणि खळ यांच्याऐवजी कॅमेरा वापरून केलेले ते कोलाजच आहे. हुसेनांविषयी मतभेद पुष्कळ झाले आणि त्यांचा निकाल लावण्याची ही जागा नव्हे. परंतु सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या एका मनुष्याने कंदिलाला आणि छत्रीला जगाच्या पडद्यावर स्वप्नातील पात्रांचा दर्जा मिळवून दिला, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

स्वप्नभूमी म्हणून या प्रदेशाची योग्यताही काही कमी नाही. अर्न्स्टने काय केले, ईव्ह तांगी या दुसऱ्या अतिवास्तववादी चित्रकाराने काय केले? विस्तीर्ण सपाटी घेतली, क्षितिज खाली ठेवले, प्रकाश तिरका पाडला, आणि त्या उजाड भूमीवर एकेकटी वस्तू उभी केली. हिवाळ्यातल्या संध्याकाळी नान्नजच्या बाजूला माळरानावर जाऊन उभे राहावे. गवताचा पिवळा रंग, दूरवर शाळूचे हिरवे पट्टे, मध्ये डोळ्याला अडवणारे काही नाही. आणि अशा सपाटीवर दुरून जी एखादी चिमणी दिसते ती कोणीतरी कापून आणून चिकटवल्यासारखी दिसते. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, तेव्हा एवढा उभा आकार काही क्षणांत आडवा झालेला हजारो लोकांनी पाहिला. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. त्या दिवशी या शहराच्या क्षितिजातून एक वस्तू कात्रीने कापून काढावी तशी नाहीशी झाली, आणि तिचे रिकामे राहिलेले आकाश कोणा तरुण चित्रकाराने अजून कागदावर आणावयाचे आहे.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेविषयी तर काय सांगावे! बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांवर अनुरक्त झालेल्या कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली, आणि योग्याने तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुज्ञा दिली, ही कथा सोलापूरचे पोरदेखील जाणते. त्या विवाहासाठी शुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी तोल सांभाळत सात उंच नंदीध्वज मिरवत नेतात, संमती कट्ट्यावर लक्षावधी हातांतून अक्षता पडतात, आणि पुढे होमाच्या वेळी बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून तिच्या रूपाने ती कन्या अग्नीत प्रवेश करते. काठी हा वर, आणि धान्याची पेंढी ही वधू. या विधीला मी अतिवास्तव म्हणणार नाही, कारण भाविकाला ते स्वप्न नाही. त्याच्या दृष्टीने त्याहून वास्तव असे काही नाही, आणि त्याची दृष्टी आदरास पात्र आहे. पण एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीचे पूर्ण अस्तित्व मान्य करण्याची जी शक्ती या चित्रांपुढे लागते, ती ज्या नगरात दरवर्षी लाखो माणसे सहज वापरतात, तेथील रहिवाशाने एखाद्या चित्रातील हात झाडाच्या जागी का उभा आहे असा प्रश्न विचारून मागे फिरावे, हे मला पटत नाही. आपल्यापाशी शक्ती आहे. कलादालनाच्या दारात आपण ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

म्हणजे दृष्टी आहे, भूमी आहे. राहिला कच्चा माल. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. मागाहून आणखी आल्या. त्यांच्या भोंग्यांवर या शहराचे घड्याळ चालले. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक बंद पडल्या. पूर्वभागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरोघर माग चालवले, आणि त्यांच्या जेकार्डवरील चादरीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. एवढ्या व्यवहाराने मागे ठेवलेल्या वस्तूंची यादी करावयाची म्हटले तरी दम लागेल: ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबले, हजेरीपट, रोजमेळ, कीर्द-खतावण्या, मुनिमांच्या वळणदार मोडीतील व देवनागरीतील हिशेब, नक्षीचे चौकटीचे कागद, रंगांच्या नमुन्यांचे सुती झुबके, धोटे, कांड्या, कामगारांचे बिल्ले, बारदानावरचे ठसे.

यांपैकी एकच वस्तू जवळून दाखवतो. जेकार्डचा पुठ्ठ्याचा पत्ता पूर्वभागातल्या एका कारखान्यात मी हातात घेऊन पाहिला आहे. जाड, हाताच्या तेलाने काळपट झालेला हा लांबट पत्ता. त्यावर ओळींत पाडलेली बारीक गोल भोके. दोन्ही टोकांना जरा मोठी भोके, ज्यांतून दोरी ओवून एक पत्ता दुसऱ्याला बांधलेला, आणि अशी शेकडो पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावरून फिरणारी. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिचा आकडा ताण्याचा धागा वर उचलतो. जेथे भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एका पत्त्याने बाण्याची एक ओळ विणली जाते. मग दुसरा पत्ता पुढे येतो. चादरीवर जो मोर पिसारा फुलवून उभा राहतो तो या भोकांत दडलेला आहे. पण पत्ता उजेडासमोर धरला तर मोर दिसत नाही, दिसते ती काळ्या आकाशात विखुरलेल्या ताऱ्यांसारखी प्रकाशबिंदूंची रांग. ज्या कारखान्यात जेकार्ड इलेक्ट्रॉनिक झाले तेथे या माळांचा उपयोग संपला. पुठ्ठा म्हणून त्यांना रद्दीचा भाव येतो. लियाँच्या जाकारने १८०४ साली सिद्ध केलेल्या यंत्रापासून निघालेली ही भोकांची लिपी पुढे गणकयंत्रांच्या छिद्रपत्त्यांची पूर्वज ठरली. आणि तिची सोलापुरी हस्तलिखिते, असेच त्यांना म्हटले पाहिजे, भंगाराच्या हातगाडीवर चढत आहेत.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला आक्षेप कामगाराच्या घरातून येईल: गिरणी बंद झाली तेव्हा आमच्या घरची चूल थंड पडली, थकलेल्या देण्यांसाठी आम्ही वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि आता त्याच गिरणीच्या हजेरीपटाचे तुम्ही सुंदर चित्र करणार? या प्रश्नापुढे मी मान खाली घालतो. ज्या कोलाजमध्ये गिरणीचा गंज नुसता रंगीत दिसतो आणि हजेरीपटावरची नावे नुसती रेघोट्या होतात, ते कोलाज खोटे. हुकूम, रजा, दंड, खाडा यांच्या खुणा असलेला तो कागद चित्रात आला तर त्याच्या नावांनिशी आणि खाड्यांनिशी आला पाहिजे. पण तो कागद नष्ट झाला तर खोटे चित्रही निघणार नाही आणि खरेही निघणार नाही. आणि ज्यांच्या नावावर तो आहे त्यांच्या नातवंडांना आपल्या आजोबांच्या नोकरीचा एवढासा दाखलाही उरणार नाही.

दुसरा आक्षेप दफ्तर जपणाऱ्यांचा: एका तोंडाने जतन करा म्हणता आणि दुसऱ्या हाताने चित्रकाराला कात्री देता, हे कसे? याचा निर्वाळा कॉर्नेलने देऊन ठेवला आहे. मूळ चित्र दुर्मिळ असेल तेव्हा तो त्याची छायाप्रत काढून घेई आणि प्रत कापी. मूळ कागद तळघरातील खोक्यांत, विषयवार लावलेल्या बाडांत, शाबूत राही. आज तर घरोघरी असलेल्या मोबाइलनेही कागदाची उत्तम प्रत निघते. ज्याची एकच प्रत आहे ते दफ्तरात जावे. ज्याच्या शेकडो प्रती आहेत, उदाहरणार्थ न वापरलेली लेबले किंवा जीर्ण पत्ते, त्यातला थोडा भाग चित्रकलेच्या वर्गांना द्यावा. इतका सरळ शिरस्ता पाळणे कोणालाही अवघड नाही.

मला येथे नवे भव्य स्मारक सुचवायचे नाही. स्मारकांना निधी लागतो, निधीला मंजुरी लागते, आणि मंजुरी येईपर्यंत रद्दीवाला थांबत नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने एक कोरडी, वाळवीपासून सुरक्षित खोली आणि एक नोंदवही यांची तजवीज करावी. महानगरपालिकेने आपल्या शाळांतील कलाशिक्षकांना वर्षातून एकदा मुलांसह एखाद्या चालू मागापाशी जाण्याची सवड द्यावी. आणि यंत्रमागधारकांच्या व व्यापाऱ्यांच्या मंडळांनी आपल्या सभासदांना एवढाच निरोप धाडावा की, दफ्तर विकण्यापूर्वी कोणाला तरी दाखवा.

कारण खरा ताबा शेवटी घरांचा आहे. सोलापुरातल्या किती माळ्यांवर, किती पेट्यांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली लेबले, नमुन्यांच्या कापडी चोपड्या आणि सुतळीने बांधलेले पत्ते पडून असतील! दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत त्यांतली बरीच बाहेर निघतात आणि संध्याकाळपर्यंत रद्दीच्या काट्यावर जातात. वाचकांना माझी विनंती एवढीच की, यंदा अशी एखादी चोपडी हाती आली तर ती काट्यावर ठेवू नये. तिच्यावर ती कोणाची, कोणत्या गिरणीतली, कोणत्या सालची हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने लिहावे, आणि जवळच्या शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांकडे ती स्वतः नेऊन द्यावी.